जिनिंगच्या सीझन कामगाराची ग्रॅच्युइटी: कोणाला, किती आणि अर्ज कसा

दिवाळीच्या सुमारास कापूस यायला लागला की हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट या पट्ट्यातली जिनं (कापसातली सरकी आणि रुई वेगळी करणारे कारखाने) सुरू होतात आणि उन्हाळा लागून आवक आटली की बंद पडतात. अशाच एखाद्या जिनात पंधरा-वीस सीझन काढलेला माणूस काम सोडतो तेव्हा त्याला बहुतेक एकच उत्तर ऐकायला मिळतं: ‘तू सीझनचा, तुले ग्रॅच्युइटी नसते.’ ग्रॅच्युइटी म्हणजे केलेल्या सेवेबद्दल काम सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, आणि ‘सीझनवाल्याला ती नसते’ हे चूक आहे. हंगामी कारखान्यातल्या कामगारालाही ग्रॅच्युइटी आहे, हिशेब तेवढा वेगळा. वर्षाला १५ दिवसांच्या मजुरीऐवजी सीझनला ७ दिवसांची मजुरी. घोडं अडतं ते हजेरीच्या पुराव्यावर.

कायदा कोणता

आधी १९७२ चा उपदान (म्हणजे ग्रॅच्युइटी) प्रदान अधिनियम होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि ग्रॅच्युइटी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये गेली. संक्रमणाच्या काळात जुने नियम, संहितेला विरोध नसेल तिथवर, चालू ठेवले आहेत. म्हणून खाली जुन्या नमुन्यांची नावं दिली आहेत. अर्ज देण्याआधी जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात किंवा सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे जाऊन चालू नमुना मागून घ्यावा.

संहिता आल्यापासून ‘आता एका वर्षातच सगळ्यांना ग्रॅच्युइटी’ असे मेसेज फिरतात, त्यावर विसंबू नका. एक वर्षाची सवलत मुदतीच्या कामगाराला आहे, म्हणजे ज्याच्या नेमणुकीच्या लेखी करारात सुरुवातीची आणि संपण्याची तारीख आहे त्याला. त्याला काम केलेल्या काळाच्या प्रमाणात रक्कम मिळते. बाकी बहुतेकांना निदान पाच वर्षं सलग सेवेची जुनी अट आहे तशीच आहे. मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व येऊन काम सुटलं तर मात्र पाच वर्षांची अट नाही.

पात्रता: सलग सेवा कशी मोजतात

कारखान्याला कायदा लागतोच. दुकान, गोदाम, दालमिल, खासगी शाळा अशा ठिकाणी मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी १० माणसं कामावर असली तरी लागतो, आणि एकदा लागला की नंतर माणसं कमी झाली म्हणून सुटत नाही. दोन-चार माणसांच्या शेतावरचा सालदार यात बसत नाही.

बारमाही कामगाराचं वर्ष धरायला बारा महिन्यांत २४० दिवस काम लागतं. सीझन कामगाराला हा आकडा लागू नाही. त्याच्यासाठी नियम असा की, जिन त्या वर्षी जितके दिवस चालली त्यातले निदान ७५ टक्के दिवस त्याने प्रत्यक्ष काम केलेलं असावं. जिन १४० दिवस चालली असेल तर १०५ हजेऱ्या. दावा ‘२४० दिवस भरत नाहीत’ म्हणून फेटाळला गेला असेल तर उत्तरात हाच नियम लिहा.

एखाद्या सीझनला आजारपणात हजेरी कमी पडली तरी सेवा तुटली असं लगेच होत नाही. आजारपण, अपघात, रजा, ले-ऑफ (काम नाही म्हणून मालकाने तात्पुरतं घरी बसवणं) आणि कामगाराचा दोष नसताना बंद पडलेलं काम यांनी सेवा खंडित होत नाही. न सांगता झालेली गैरहजेरीसुद्धा, ती सेवाखंड मानल्याचा नियमाप्रमाणे आदेश निघालेला नसेल, तर खंड धरता येत नाही. असा आदेश मालकाकडे सहसा नसतो, म्हणून तो मागा.

आणखी एक वाद नेहमीचा. सात दिवसांचा दर हंगामी कारखान्यातल्या सगळ्यांना नाही. जो वर्षभर कामावर नसतो त्यालाच तो आहे. चौकीदार, दिवाणजी, ऑफ-सीझनला मशीनची दुरुस्ती करणारा फिटर हे बारा महिने पगारावर असतील तर त्यांना वर्षाला १५ दिवसांचाच दर मिळतो. मालक सगळ्यांना एकाच पट्टीने मोजतो, आणि निम्म्याहून जास्त रक्कम तिथेच जाते.

किती मिळते

महिन्याच्या पगाराला २६ ने भागून रोजचा दर काढतात. शेवटचं वेतन १३,००० रुपये असेल तर रोज ५०० रुपये. बारमाही कामगार, सेवा ११ वर्षं ७ महिने: सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून १२ वर्षं. ५०० × १५ × १२ म्हणजे ९०,००० रुपये. सीझन कामगार, १४ सीझन: ५०० × ७ × १४ म्हणजे ४९,००० रुपये. वरची मर्यादा २० लाख, जिनिंगमध्ये तिथवर कोणी जात नाही.

गाठीमागे किंवा क्विंटलमागे मजुरी घेणाऱ्यांचा रोजचा दर काम सुटण्याआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर निघतो, ओव्हरटाइम वगळून. त्यामुळे शेवटच्या तीन महिन्यांच्या मजुरीच्या पावत्या सोन्यासारख्या जपा.

नव्या संहितेत ‘वेतन’ या शब्दाचा अर्थ बदलला आहे. आधी मूळ पगार आणि महागाई भत्ता एवढंच धरत. मूळ पगार मुद्दाम कमी दाखवून बाकी रक्कम भत्त्यांत टाकण्याची पळवाट त्यातूनच निघाली. आता वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीचा भाग वेतनात मिळवावा लागतो. म्हणजे मूळ पगार ६,००० आणि घरभाडे वगैरे भत्ते ९,००० असतील, तर १५,००० चा निम्मा ७,५००, म्हणून ग्रॅच्युइटी ६,००० वर नाही, ७,५०० वर.

कागदपत्रं

ओळखीसाठी आधार, पैशांसाठी बँक पासबुकची प्रत. खरा कस नोकरीच्या पुराव्यात लागतो. सगळ्यात भक्कम पुरावा भविष्य निर्वाह निधीचा. यूएएन (निधीच्या खात्याचा कायमचा क्रमांक) असेल तर निधीच्या पासबुकात कोणत्या महिन्यात कोणत्या मालकाने रक्कम भरली ते दिसतं, आणि महिने मोजले की सीझन सिद्ध होतात. त्यानंतर ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, पगारपत्रक, बोनसची यादी, गेटपास, बँकेत जमा झालेली मजुरी. रोख मजुरी घेणाऱ्याकडे यातलं बरंचसं नसतं. मग बरोबरीच्या दोन कामगारांची शपथपत्रं जोडावी आणि हजेरी व पगार पुस्तक हजर करण्याचा आदेश मालकाला द्यावा, असा अर्ज ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्यापुढे (ते कोण, ते खाली आहे) करावा. पुस्तक ठेवणं मालकाचं काम आहे. त्याने ते आणलं नाही तर ती गोष्ट त्याच्याविरुद्ध जाऊ शकते.

नावाचा घोळ बराच अडवतो. हजेरीत ‘गजू’, आधारवर ‘गजानन’, पासबुकात आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं शपथपत्र अर्जासोबतच द्या. नंतर दिलं तर एक तारीख वाया जाते.

दुसरी अडचण मालकाच्या नावाची. बरीच जिनं भाड्याने चालतात. एका सीझनला एक व्यापारी, पुढच्याला दुसरा. मजूर ठेकेदारामार्फत असेल तर हजेरी ठेकेदाराच्या नावावर. अर्जात जिनमालक, चालवणारा आणि ठेकेदार तिघांचीही नावं टाका. कोणाकडून वसूल करायचं ते प्राधिकारी ठरवतील. एकच नाव टाकून तो ‘माझा कामगारच नाही’ म्हणाला तर पुन्हा पहिल्यापासून.

अर्ज आणि मुदती

काम सुटल्यापासून साधारण ३० दिवसांत नमुना ‘आय’ मालकाला द्यायचा. वारसाने अर्ज करायचा असेल तर नामनिर्देशन असल्यास ‘जे’, नसल्यास ‘के’, सोबत मृत्यू दाखला. (नामनिर्देशनाचा ‘एफ’ नमुना नोकरीचं एक वर्ष झाल्यावर ३० दिवसांत भरायचा असतो. सीझन कामगारांपैकी जवळपास कोणी भरत नाही आणि मग घरच्यांना वारस दाखल्यासाठी तहसील आणि कोर्टाचे हेलपाटे पडतात.) उशीर झाला एवढ्या कारणाने दावा बाद होत नाही.

अर्ज दोन प्रतींत घ्या आणि दुसरीवर सही-शिक्का-तारीख मागा. दिवाणजी सही देत नसेल तर त्याच दिवशी पोस्टाने पाठवून पावती जपा. तोंडी मागणीला या कामात काही किंमत नाही.

अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत मालकाने ‘एल’ नमुन्यात रक्कम कळवायची किंवा ‘एम’ नमुन्यात नकार द्यायचा, कारणासकट. पैसे ३० दिवसांत. त्यापुढे १० टक्के सरळ व्याज. नकार आला, रक्कम कमी आली किंवा उत्तरच आलं नाही, तर त्या कारणापासून ९० दिवसांत ‘एन’ नमुन्यात प्राधिकाऱ्याकडे अर्ज. पुरेसं कारण लिहून दिलं तर उशीर माफ होऊ शकतो. महाराष्ट्रात हे प्राधिकारी म्हणजे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश. चंद्रपूर-वणीकडच्या कोळसा खाणीतला कामगार असेल तर केंद्राचे सहायक कामगार आयुक्त. खाणीचा अर्ज राज्याच्या न्यायालयात आणि जिनिंगचा केंद्राच्या कार्यालयात गेला की महिने जातात.

आदेशाविरुद्ध अपील ६० दिवसांत, आणि मालकाला अपील करायचं असेल तर ठरलेली रक्कम आधी भरावी लागते. आदेशानंतरही पैसे दिले नाहीत तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते.

‘उचल बाकी आहे’ किंवा ‘खोली रिकामी केली नाही’ म्हणून अख्खी ग्रॅच्युइटी अडवण्याचा अधिकार मालकाला नाही. जप्त होते ती कामावरून काढलं असेल तरच, तेही मालमत्तेच्या नुकसानापुरती, किंवा हिंसा, नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशा कारणांसाठी. ग्रॅच्युइटी सोडल्याचं कोऱ्या स्टॅम्पवर लिहून घेतलं असेल तर तेही कायद्यापुढे चालत नाही.

जिन बंद होते त्या आठवड्यात त्या सीझनच्या हजेरीच्या पानाचा आणि मजुरीच्या हिशेबाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी दिवाणजी बदललेला असतो, पुस्तक उंदराने खाल्लेलं असतं.