पफिन क्रॉसिंग: ब्रिटनमधला पादचाऱ्याकडे पाहणारा सिग्नल

रस्ता ओलांडायला माणसाला किती वेळ लागतो, हे ब्रिटनमध्ये बरीच वर्षे सिग्नल बसवणारे आधीच ठरवून टाकत. हिशेब सेकंदाला १.२ मीटर या चालीचा. म्हणजे ९ मीटर रुंद रस्त्याला साडेसात सेकंद. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडमधल्या पासष्टीपुढच्या पुरुषांची सरासरी चाल ०.९ आणि स्त्रियांची ०.८ मीटर निघाली. ०.८ च्या चालीने तोच रस्ता ओलांडायला ११ सेकंदांहून जास्त लागतात. ही तफावत सिग्नलनेच ओळखावी, हा विचार मात्र त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

१९३४ मध्ये वाहतूक मंत्री लेस्ली होअर-बेलिशा यांच्या काळात रस्ता ओलांडण्याची जागा दाखवणारे नारिंगी गोळ्यांचे खांब आले, १९५१ मध्ये झेब्रा पट्टे. १९६२ मध्ये लंडनच्या वॉटरलू स्टेशनबाहेर बटणाचे ‘पांडा’ क्रॉसिंग सुरू झाले. त्यातल्या लुकलुकणाऱ्या दिव्यांचा अर्थ लोकांना नीट उमगेना, म्हणून ते मागे पडले. १९६९ चे ‘पेलिकन’ टिकले. त्यातही एक अडचण होती: हिरवा माणूस लुकलुकू लागला की गाड्यांसमोर पिवळा दिवा लुकलुके आणि ‘रस्ता मोकळा असेल तर निघा’ हा निर्णय चालकावर पडे. सावकाश चालणारी व्यक्ती रस्त्याच्या मध्यावर असतानाच गाड्या पुढे सरकू लागत. शिवाय बटण दाबून कोणी निघून गेले, तरी गाड्या रिकाम्या क्रॉसिंगपुढे थांबत.

१९९० च्या दशकात आलेल्या ‘पफिन’ने या दोन्ही गोष्टी सेन्सरवर सोपवल्या. फूटपाथच्या कडेवर नजर ठेवणारा सेन्सर बटण दाबणारा अजून उभा आहे का ते पाहतो. तो निघून गेला तर काही क्षणांनी मागणी रद्द होते. रस्त्यावर रोखलेला दुसरा सेन्सर कोणी चालत असेपर्यंत गाड्यांचा लाल दिवा लांबवतो. हिरवा माणूस थोडेच सेकंद दिसतो, कारण तो फक्त ‘निघा’ एवढेच सांगतो.

दोन्ही ठिकाणी एकच सेन्सर चालत नाही. डॉपलर रडार फक्त हालचाल टिपते, त्यामुळे ते रस्त्यावर उपयोगी पडते. कडेला निश्चल उभा माणूस त्याला दिसत नाही. तिथे सुरुवातीला दाब ओळखणाऱ्या चटया होत्या, पुढे इन्फ्रारेड आणि कॅमेरे आले. कोन चुकला की शेजारून जाणारी गाडी किंवा वाऱ्याने हलणारी फांदी माणूस समजली जाते. म्हणून लाल दिवा लांबवण्याला कमाल मर्यादा असतेच. ती नसती तर एक बिघडलेला सेन्सर गाड्या अडवूनच ठेवेल.

पफिनमध्ये माणसाची आकृती रस्त्यापलीकडे नाही, अलीकडेच, बटणापाशी असते. ब्रिटनमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, म्हणून ती उजव्या हाताला लावतात: तिच्याकडे पाहताना येणारी गाडीही दिसावी. अर्ध्या वाटेत समोर लाल माणूस दिसून घाबरण्याचाही प्रश्न उरत नाही. गर्दीत मात्र पुढच्यांच्या आड ती झाकली जाते. आमच्या मते पफिनची ही सर्वात मोठी उणीव. त्यावर काही ठिकाणी जास्त उंचीवर दुसरी आकृती लावतात.

लंडनने २०१४ मध्ये बॅलहॅम आणि टूटिंग बेक स्टेशनांजवळ पुढचे पाऊल जाहीर केले: कडेला किती जण थांबले आहेत ते कॅमेऱ्याने पाहून हिरव्याचा वेळ वाढवणे. २०१६ च्या नियमांनंतर ब्रिटनमध्ये नवे पेलिकन बसवता येत नाही, जुने मात्र चालू आहेत.

पफिनची चाचणी सोपी आहे. बटण दाबून निश्चल उभे राहा, बटण दाबल्यावर लागलेला मागणीचा दिवा टिकला पाहिजे. बाजूला व्हा, तो विझला पाहिजे. मग पुन्हा बटण दाबा आणि हिरवा माणूस दिसल्यावर मुद्दाम सावकाश रस्ता ओलांडा: पलीकडच्या कडेला पाय लागेपर्यंत गाड्यांना हिरवा मिळता कामा नये. ही चाचणी भर पावसातही एकदा करावी, कारण कोरड्या दिवशी बरोबर लावलेला सेन्सर पावसात फसू शकतो.