बूवेच्या किनाऱ्यावर किती किलो उतरतात?

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. कुठल्या 'देशां'शी रेडिओवर संपर्क झाला हे मोजायची त्यांची यादी आहे, आणि तिच्यात गोवा हा पूर्वी स्वतंत्र 'देश' होता. पोर्तुगीज अमदानीतला कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचे सांकेतिक नाव, सीआर८ ने सुरू व्हायचा, आणि १९६१ अखेरपर्यंत झालेला गोव्याचा संपर्क डीएक्ससीसीत, म्हणजे या यादीत, आजही मोजतात, पण रद्द झालेल्या नावांच्या रकान्यात. याच यादीत माणसाची वस्ती नसलेली बेटे मात्र चालू 'देश' म्हणून ठाण मांडून आहेत. मालक देशापासून बेट पुरेसे लांब असले की ते वेगळे धरायचे, असा नियम. तिथे कोण राहते, याच्याशी यादीला देणेघेणे नाही. दक्षिण अटलांटिकमधले नॉर्वेचे बूवे बेट त्यातलेच, आणि जगभरच्या हॅमना हव्या असलेल्या नावांत ते वर्षानुवर्षे अगदी वर राहिले आहे.

ध्रुवाकडे पहिला हॅम गेला तो १९२३ मध्ये. ध्रुवीय संशोधक मॅकमिलन यांच्या 'बोडन' जहाजावर डॉन मिक्स हा अमेरिकी हौशी ऑपरेटर डब्ल्यूएनपी या कॉलसाइनवर ग्रीनलंडच्या वायव्य भागातून हिवाळाभर बोलत राहिला. दोन वर्षांनी जॉन राइनार्ट्झ मॅकमिलन यांच्याच मोहिमेत गेला. लघुलहरी (शॉर्टवेव्ह) दिवसाउजेडीही हजारो किलोमीटर जातात, हे तोवर कळू लागले होते. म्हणजे रेडिओचा मूळ प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच मार्गी लागला. त्यानंतरचा सगळा इतिहास सामान किनाऱ्यावर उतरवण्याचा आहे.

गोव्याला हे नवे नाही. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम मुरगाव बंदरातूनच निघाली, तीही नॉर्वेहून भाड्याने आणलेल्या 'पोलर सर्कल' जहाजावर. ९ जानेवारी १९८२ ला ती बर्फावर उतरली. ध्रुवीय मोहिमांची सूत्रे आज हलतात ती वास्कोच्या हेडलँड सड्यावरून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. सरकारी मोहिमेमागे जहाज, हेलिकॉप्टर, डॉक्टर उभे असतात. हौशी मोहिमेला हे सारे वर्गणीतून उभे करावे लागते. फरक तिथूनच पडतो.

बूवे आहे ५४ अंश २६ मिनिटे दक्षिणेला, केपटाउनपासून सुमारे २,५०० किलोमीटरवर. क्षेत्रफळ ४९ चौरस किलोमीटर, त्यातले ९३ टक्के हिमनदीखाली. भोवती कडे, खाली दगड, लाट अडवायला आडोसा नाही. १९५५ ते १९५८ च्या दरम्यान दरड कोसळून पश्चिमेला न्यूरॉइसा नावाचा एक सपाट तुकडा तयार झाला. १९७१ पासून सारे बेट राखीव आहे, त्यामुळे परवानगी नॉर्वेकडून. ६० अंश दक्षिणेच्या उत्तरेलाच असल्याने अंटार्क्टिक कराराचे क्षेत्र इथे लागत नाही. नॉर्वेचेच पीटर पहिला बेट मात्र ६८ अंश दक्षिणेला, कराराच्या क्षेत्रात येते. भारतातून तिथे मोहीम काढायची तर २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याखालची परवानगीही आधी हातात हवी.

आता आकडे पाहा. १९८९-९० च्या मोहिमेने, ३वाय५एक्स या कॉलसाइनवर, बूवेवरून ५० हजारांच्या आसपास संपर्क केले. २००६ मध्ये पीटर पहिला बेटावर हेलिकॉप्टरने तळ उतरवला आणि ३वाय०एक्सच्या लॉगमध्ये ८७ हजारांवर नोंदी गेल्या. २०१८ मध्ये ३वाय०झेडचा संघ हेलिकॉप्टर घेऊन बूवेसमोर पोचला, पण हवामानाने उड्डाण होऊ दिले नाही, त्यात जहाजाचे इंजिन बिघडले आणि पाय न टेकता परतावे लागले. २०२३ मध्ये ३वाय०जेचा संघ शिडाच्या बोटीने गेला. लाटांमुळे रबरी होडी दगडांना लावता येईना. माणसे सर्व्हायव्हल सूट घालून पाण्यातून, दोराच्या आधाराने किनाऱ्यावर गेली आणि सामानाची पिंपे तशीच ओढून घेतली. मोठा तळ बाद झाला, शंभर वॅटच्या रिगवर (रेडिओ संचावर) भागवावे लागले, आणि तरी १८ हजारांहून अधिक संपर्क झाले. कमी म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी तो किनारा एकदा नकाशात पाहावा.

शंभर वॅट आणि हजार वॅट यांत १० डेसिबलचा फरक. तो भरून काढायचा तर हजार वॅटला अँप्लिफायर, अँप्लिफायरला जनरेटर, जनरेटरला पेट्रोल, आणि गाडे अडते ते इथेच. दोन किलोवॅटचा इन्व्हर्टर जनरेटर मध्यम भारावर तासाला पाऊण लिटर धरला तर दिवसाला १८ लिटर. चार जनरेटर १४ दिवस चालवायला १,००८ लिटर लागतात, म्हणजे वीस लिटरचे ५१ कॅन, नुसत्या पेट्रोलचे वजन साडेसातशे किलो. एकेक कॅन हाताने वर चढवायचा. म्हणून ओझे माणशी २० किलोंवर नको, पिंप पाण्यावर तरंगणारे हवे, आणि पहिल्या खेपेत रिग मुळीच नको: तंबू, स्टोव्ह, स्लीपिंग बॅग, चार दिवसांचे खाणे आणि जहाजाशी बोलायला व्हीएचएफचे, म्हणजे जवळच्या पल्ल्याचे, दोन हँडसेट. मागे समुद्र फिरला तर उतरलेली माणसे एवढ्यावरच तगतात.

अँटेनाचे गणित त्या मानाने सोपे. फायबरग्लासच्या काठीवर पाव-तरंग व्हर्टिकल, म्हणजे तरंगलांबीच्या पाव लांबीची उभी तार: २० मीटर बँडला ५.०७ मीटर, ४० मीटरला १०. खाऱ्या पाण्याच्या कडेला ती लावली की लहर क्षितिजालगत निघते आणि कमी वॅटची बरीच भरपाई होते. मोडते ती वाऱ्याने. खडीत खुंट्या धरत नाहीत. रिकाम्या पोत्यांत दगड भरून ती पुरावीत आणि ताणदोर त्यांना बांधावेत. अँटेनाची पीव्हीसीची स्वस्त कोअॅक्स केबल थंडीत ताठरते, वाकवली की तडकते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर तिचे कायमचे नुकसान होते, ती तंबूतच ठेवावी. प्रत्येक रिगला बँडपास फिल्टर (फक्त आपल्या बँडच्या लहरी जाऊ देणारा) नसेल तर शेजारचे स्टेशन बहिरे होते. एफटी८ या संगणकावरून चालणाऱ्या डिजिटल पद्धतीचे चक्र १५ सेकंदांचे. लॅपटॉपचे घड्याळ सेकंद-दोन सेकंद चुकले तरी संपर्क होत नाही, आणि बेटावर इंटरनेटचा भरवसा नाही, तेव्हा जीपीएस रिसीव्हर लागतोच.

व्हर्टिकलची चाचणी गोव्यात कुठल्याही किनाऱ्यावर होते. मोरजी, आगोंद, गालजीबाग मात्र नोव्हेंबर ते मार्च टाळावेत, तो कासवांच्या अंड्यांचा हंगाम. गोव्याचे दमट हवामान कनेक्टरांची परीक्षा घेते, पण थंडीची घेत नाही. त्यासाठी केबल आणि बॅटरी शीतगृहात रात्रभर ठेवून तपासाव्यात. बूट, तंबू, वेल्क्रो यांतले गवताचे बी आणि माती काढणे ही परवान्याची अट असते. ते काम पॅकिंगआधी संपवावे.

घरी बसून ऐकणाऱ्यांसाठी: गोव्याहून बूवेची दिशा २१३ अंश, अंतर सुमारे १०,२०० किलोमीटर, जवळजवळ सगळे समुद्रावरून. फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोन्हीकडे एकाच वेळी अंधार असतो तो आपल्या घड्याळात रात्री १ ते सकाळी ७. ४० मीटरवर तेव्हाच बसावे. एफटी८ च्या फॉक्स-हाउंड पद्धतीत (बेट 'फॉक्स', हाक मारणारे 'हाउंड') हाक १,००० हर्ट्झच्या वर मारावी. सीडब्ल्यूवर (मोर्सवर) आणि व्हॉइसवर बेटाच्या फ्रिक्वेन्सीवर बोलूच नये, ते वर कुठे ऐकत आहेत हे आधी शोधावे.