मोठी टाकी घेताय? आधी फिल्टरचं बोलू

चार-पाच फुटी टाकी घ्यायला येणारे बहुतेक जण काच किती एमएम, लाईट कोणती, मासे कोणते, हे आधी विचारतात. फिल्टरचा विषय निघतो बिल करताना, आणि मग उरलेल्या पैशांत बसेल तो घेतला जातो. आमची विनंती आहे की फिल्टर आधी ठरवा. ठरवताना एवढंच विचारा: मे महिन्यात भर दुपारी चार तास लाईट गेली, तर या टाकीचं काय होईल?

फिल्टर कचरा गाळतो, हे दिसतं. त्याचं खरं काम दिसत नाही. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषारी. नायट्रेट बरंच सौम्य, आणि पाणी बदललं की कमी होतं. या जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि त्यांना ऑक्सिजन सतत लागतो.

आपल्या जळगाव-भुसावळकडे अडचण इथेच येते. बाहेर पारा 44-45 वर असला की घरातल्या टाकीचं पाणीही 32-33 अंशांवर जातं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 32 अंशांना सव्वासातच्या आसपास. त्यात बोअरचं पाणी जड आणि बहुतेक वेळा अल्कधर्मी. पीएच 7 आणि 25 अंश असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग घातक रूपात असतो. पीएच 8 आणि 30 अंश झाले की तोच भाग सात टक्क्यांवर जातो. म्हणजे थंड गावात चालून जाणारी चूक इथे माशांच्या जिवावर येते.

कॅनिस्टर फिल्टर चांगला असतो. आवाज कमी, जागा कमी, टाकी नेटकी दिसते. पण तो बंद डबा आहे. लाईट गेली की आतलं पाणी थांबतं आणि जिवाणू तिथला ऑक्सिजन संपवून मरायला लागतात. आमच्याच दुकानातल्या एका टाकीत हे झालं. उन्हाळ्यात रात्रभर लाईट नव्हती, सकाळी आली, कॅनिस्टर आपोआप सुरू झाला आणि आतलं सडकं पाणी सरळ टाकीत गेलं. दुपारपर्यंत दोन ऑस्कर गेले. झाकण उघडलं तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास आला. त्या दिवसापासून कॅनिस्टर घेणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: लाईट तास-दोन तासांपेक्षा जास्त गेली, तर आधी प्लग काढा. लाईट आल्यावर डबा उघडा, आतलं पाणी फेका, रिंग (जिवाणू बसायला ठेवलेले सच्छिद्र तुकडे) आणि स्पंज टाकीच्याच पाण्यात हलवून घ्या, मग सुरू करा.

म्हणून 400 लिटरच्या वर आम्ही संप सुचवतो. खाली दुसरी टाकी, वरून ओव्हरफ्लोने पाणी उतरतं, स्पंज आणि रिंगांतून फिरतं, पंप ते वर ढकलतो. पाणी पडताना हवा मिसळते, वरचा भाग उघडा असतो, रिंगांना जागाही भरपूर. वीज गेल्यावर संपमध्ये बॅटरीवरच्या एअर पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड सोडला तरी वस्ती तग धरते.

संप लावताना एक गोष्ट स्वतः तपासा. पाच बाय दोन फुटी टाकीत पाणी एक इंच उतरलं तरी जवळपास 24 लिटर खाली येतं. पंप बंद झाल्यावर एवढं पाणी सामावेल इतकी मोकळी जागा संपमध्ये हवीच. वर जाणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली बारीक छिद्र पाडतात. पंप थांबला की तिथून हवा शिरते आणि उलटा ओढा तुटतो. ते छिद्र शेवाळाने बुजतं, आठवड्याला काडीने मोकळं करा. पहिल्याच दिवशी आमच्यासमोर मेन स्विच बंद करून बघा. फरशी कोरडी राहिली तरच पैसे द्या.

पंपाचा हिशेब सोपा आहे. 5 × 2 × 2 फूट म्हणजे 20 घनफूट, साधारण 565 लिटर. तासाला पाच वेळा फिरवायचं तर 2,800 लिटर. पण डब्यावरचा आकडा पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो. चार-पाच फूट चढवायचं असेल तर 4,000 ते 4,500 चा घ्या. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, गोल्डफिश खूप घाण करतात, त्यांना आणखी मोठा. एंजल आणि छोट्या माशांना जोराचा प्रवाह सोसत नाही.

स्वस्तातला साधा स्पंज फिल्टर जोडीला ठेवाच. एअर पंपावर चालतो, इन्व्हर्टरवर फार भार येत नाही, आणि मोठा फिल्टर बंद पडला तर तोच मासे वाचवतो. फिल्टरमध्ये घालायचा कोळसा मात्र रोज लागत नाही. औषध दिल्यानंतर ते काढायला वापरा.

धुताना नळाखाली धरू नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीचं काढलेलं पाणी बादलीत घ्या, त्यातच स्पंज पिळा. सगळं सामान एकाच दिवशी धुवू नका. उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडतं, संपमधली पातळी रोज बघा, नाहीतर पंप कोरडा चालून जळतो. नुसती भर घालत राहिलात तर क्षार साचत जातात, म्हणून आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचंच.

दुकानात येताना टाकीची लांबी, रुंदी, उंची लिहून आणा, स्टँडखाली किती जागा आहे तेही मोजा, आणि घरच्या पाण्याची एक बाटली घेऊन या. पीएच आणि जडपणा आम्ही समोरच तपासून देतो.