भोवरा, पृथ्वी आणि सरकणारी संक्रांत

भोवऱ्याला जाळी गुंडाळून झटक्यासरशी सोडला की आधी तो ताठ उभा राहून घुमतो. वेग उतरू लागला की डुलायला लागतो. आर एका जागी, डोकं मात्र गोल गोल. चांगला कललेला असतो, तरी पडत नाही. का?

न फिरणारा भोवरा ज्या बाजूला कलतो त्याच बाजूला आडवा होतो. फिरणाऱ्याजवळ कोनीय संवेग, म्हणजे फिरत राहण्याचा जोम, असतो आणि त्याची दिशा आसाच्या रेषेत असते. गुरुत्वाकर्षण भोवऱ्याला पाडू पाहतं, म्हणजेच त्याच्यावर आघूर्ण (वळवू पाहणारा जोर) लावतं. हे आघूर्ण आसाशी काटकोनात असतं, म्हणून आस खाली न जाता बाजूला सरकतो. सूत्र मला शाळेतच पाठ होतं. विश्वास बसला तो सायकलचं सुटं चाक दोन्ही हातांनी आसाला धरून, कुणाकडून तरी गरगर फिरवून घेतल्यावर. तिरकं करायला गेलं की ते भलतीकडेच वळतं! या डुलण्याला परांचन म्हणतात. फिरण्याचा वेग कमी होईल तसं परांचन वाढतं, म्हणूनच पडण्याआधी भोवरा भराभरा डुलतो.

पृथ्वीही डुलते. ती विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. तिथली त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त. सूर्य-चंद्र हा फुगवटा ओढतात आणि साडेतेवीस अंश कललेला आस सरळ करू पाहतात. तो सरळ होत नाही, भोवऱ्यासारखाच बाजूला सरकतो. फक्त इथे ओढ पाडणारी नसून उभं करणारी, म्हणून डुलणं फिरण्याच्या उलट दिशेने. एक फेरा सुमारे २५,८०० वर्षांचा, म्हणजे एका अंशाला जवळपास ७२ वर्षं.

आता पंचांग उघडा. सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला, मकर संक्रांत मात्र १४-१५ जानेवारीला. ऋतू आसाच्या कलावर चालतात, पंचांगातल्या राशी ताऱ्यांवरून मोजतात, आणि आस सरकत राहिल्याने दोन्हींत अंतर पडत गेलं. सूर्य रोज साधारण एक अंश चालतो, तेव्हा ७२ वर्षांना एक दिवस. चोवीस दिवसांचा हिशेब मांडला तर सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत होते.

पानिपतची लढाई, १४ जानेवारी १७६१, ऐन संक्रांतीला झाली असं आपण सर्रास म्हणतो. पण तेव्हापासून संक्रांत साडेतीन-चार दिवस पुढे सरकली आहे. त्या वर्षी ती १०-११ जानेवारीच्या सुमारास येऊन गेली होती.