सोळा तासांचा नियम कसा आला आणि कसा गेला

रेसिडेन्टने, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकणाऱ्या डॉक्टरने, सलग किती तास ड्यूटी करावी, या वादात दोन्ही बाजू संशोधनाचेच दाखले देतात. अमेरिकेत २०११ मध्ये आलेला आणि २०१७ मध्ये गेलेला सलग सोळा तासांच्या मर्यादेचा नियम याच वादातला. थकलेला डॉक्टर जास्त चुकतो, असं दाखवणारे अभ्यास आहेत. लांब ड्यूटीने रुग्णांचे मृत्यू वाढत नाहीत, असं दाखवणारे अभ्यासही आहेत, आणि तेही मोठे. हे दोन्ही निष्कर्ष शेजारी शेजारी कसे उभे राहिले, हे समजून घ्यायचं तर त्या अभ्यासांत काय मोजलं गेलं आणि कोणाला विचारलं गेलं, हे पाहावं लागतं.

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनुभवांकडे समाजशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात वळले. अमेरिकेत ते विद्यार्थ्यांसोबत वर्गात बसले, वॉर्डात फिरले. सेवेची ओढ घेऊन आलेली मुलं लवकरच ‘परीक्षेत काय विचारतील’ एवढ्यावर येतात, पण ती ओढ संपत नाही, पदवी जवळ आली की पुन्हा वर येते, असं त्यांना दिसलं. जागरणाकडे मात्र पेशाचा भाग म्हणूनच पाहिलं जात होतं.

जागरण मोजण्याचा एक सुरुवातीचा प्रयत्न १९७१ साली प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कमध्ये १४ इंटर्नना, म्हणजे पहिल्या वर्षाच्या शिकाऊ डॉक्टरांना, ईसीजीच्या पट्ट्या वाचायला दिल्या होत्या. एकदा सरासरी ७ तासांची झोप झालेली असताना आणि एकदा आधीच्या ३२ तासांत सरासरी १.८ तासच डोळा लागलेला असताना. झोप न मिळालेल्या इंटर्नच्या हातून ठोक्यांतली अनियमितता ओळखताना जवळजवळ दुप्पट चुका झाल्या. वेळापत्रकं मात्र होती तशीच राहिली.

ती हलली एका मृत्यूमुळे. मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात ताप आणि अस्वस्थपणा घेऊन आलेली १८ वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. ती नैराश्यावरचं एक औषध घेत होती आणि त्याच्याशी न जुळणारं दुसरं औषध तिला दिलं गेलं. तिच्याकडे पाहणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांकडे त्याच रात्री इतरही बरेच रुग्ण होते. डॉक्टरांवर फौजदारी खटला चालवण्यास ज्युरीने नकार दिला, पण प्रशिक्षणाच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. त्यातून राज्याने समिती नेमली आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्कपुरता आठवड्याला सरासरी ८० तास आणि सलग २४ तास असा नियम झाला. शिकाऊ डॉक्टरांवर अनुभवी डॉक्टरची प्रत्यक्ष देखरेख असावी, हीसुद्धा समितीची शिफारस होती आणि देखरेख हाच कळीचा मुद्दा असल्याचं समितीच्या प्रमुखाने पुढे लिहिलंही. लोकांच्या लक्षात राहिले ते तास, कारण तास मोजता येतात.

युरोपमध्ये प्रश्न कामगार कायद्याच्या वाटेने सुटला. रुग्णालयात ऑन कॉल थांबलेला डॉक्टर झोपलेला असला तरी तो कामावरच आहे, असा निकाल तिथल्या न्यायालयाने २००० आणि २००३ मध्ये दिला. शिकाऊ डॉक्टरांसाठी टप्प्याटप्प्याने खाली येत २००९ मध्ये आठवड्याची मर्यादा ४८ तासांवर आली. अमेरिकेत मात्र ‘डॉक्टरच्या थकव्याने रुग्णाचं नुकसान होतं का’ याच चौकटीत वाद अडकला आणि पुढचं सगळं महत्त्वाचं संशोधन त्या चौकटीतच झालं.

८० तासांची मर्यादा तिथे देशभर २००३ मध्ये लागू झाली, पण सलग ३० तासांपर्यंत थांबण्याची मुभा राहिली. याच सुमारास बोस्टनमधल्या अतिदक्षता विभागांत एक प्रयोग झाला. इंटर्नच्या डोळ्यांभोवती इलेक्ट्रोड चिकटवले होते. माणूस जागा दिसतो, पण बुबुळं संथ फिरू लागतात, ती झोपेची डुलकी यंत्रात नोंदली जात होती. शिवाय रात्रंदिवस इंटर्नच्या मागे निरीक्षक डॉक्टर फिरत होते. २००४ मध्ये आलेल्या निकालानुसार लांब शिफ्टच्या जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त होत्या, आणि रात्रीच्या वेळी लक्ष उडण्याचं प्रमाण दुपटीहून अधिक होतं. पुढच्याच वर्षी लांब शिफ्ट संपवून गाडी चालवत घरी जाणाऱ्या इंटर्नच्या अपघाताची शक्यता दुपटीहून जास्त असल्याचं दिसलं. डॉक्टरच्या स्वतःच्या जिवाबद्दलचा हा पुरावा नियमांच्या चर्चेत कायम दुय्यम राहिला, ही गोष्ट मला आजही बोचते.

या सगळ्यातून २०११ चा नियम आला: पहिल्या वर्षाच्या रेसिडेन्टने सलग १६ तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही. सर्जरीत यावर उघड नाराजी होती. शस्त्रक्रिया अर्ध्यावर सोडून बाहेर पडावं लागतं, रुग्णाची संध्याकाळ पाहिली पण रात्र पाहिली नाही, हँडओव्हर (ड्यूटी बदलताना पुढच्या डॉक्टरकडे रुग्ण सोपवणं) वाढले, अशा तक्रारी होत्या. हँडओव्हरची तक्रार पोकळ नव्हती. ९ रुग्णालयांमध्ये हँडओव्हरचा ठरावीक साचा शिकवल्यावर चुका २३ टक्क्यांनी घटल्याचं २०१४ मध्ये दिसलं. म्हणजे तो दुवा कच्चा होता आणि दुरुस्त करता येण्यासारखाही होता.

दुरुस्तीऐवजी नियमच तपासायचं ठरलं. प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेने स्वतःच्याच नियमातून रुग्णालयांतल्या काही प्रशिक्षण कार्यक्रमांना सूट दिली, निधीतही वाटा उचलला, आणि दोन मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. सर्जरीच्या चाचणीत ११७ कार्यक्रम होते, मेडिसिनच्या चाचणीत ६३. चिठ्ठी टाकावी तसे कार्यक्रम दोन गटांत वाटले गेले. एका गटात २०११ चे नियम, दुसऱ्यात ‘लवचीक’ वेळापत्रक. या दुसऱ्या गटात ८० तासांची सरासरी कायम होती, पण सलग ड्यूटीवरची मर्यादा आणि दोन ड्यूट्यांमधल्या विश्रांतीची अट काढून टाकली होती.

या चाचण्यांत रेसिडेन्टची संमती घेतली गेली नाही. आपला कार्यक्रम कोणत्या गटात पडला, त्यानुसार पहिल्या वर्षाचा डॉक्टर सलग २८ तास किंवा त्याहून जास्त काम करणार की नाही, हे ठरलं. मेडिसिनच्या चाचणीत नीती समितीने संमतीची अट माफ केली. सर्जरीच्या चाचणीत तर हे मानवी सहभागींवरचं संशोधनच नाही, असा निर्वाळा दिला गेला. ग्राहकहिताचं काम करणाऱ्या एका संस्थेने आणि विद्यार्थ्यांच्या संघटनेने २०१५ मध्ये सरकारकडे लेखी तक्रार केली. लांब जागरणाचे धोके आधीच माहीत आहेत, तर ते धोके माणसांवर न विचारता कसे लादता, असा त्यांचा सवाल होता. चाचणी करणाऱ्यांचं म्हणणं असं की, एका रोस्टरमधल्या (ड्यूटीच्या वेळापत्रकातल्या) प्रत्येकाची वेगळी संमती घेतली तर रोस्टरच बनत नाही आणि रुग्णांना काय चांगलं हे कोणालाच ठाऊक नाही. पहिला मुद्दा व्यवहाराचा आहे आणि तो मान्य करता येतो. पण रोस्टरमधून बाहेर पडता येत नाही, निवडलेला कार्यक्रम सोडला तर करिअर पणाला लागतं, अशा स्थितीतल्या माणसाला तर जास्त जपून विचारायला हवं होतं. सर्जरीच्या चाचणीत रेसिडेन्टचं मत घेणारी प्रश्नावली त्यांच्या वार्षिक परीक्षेच्या शेवटी जोडलेली होती. पेपर संपल्यावर, त्याच बैठकीत भरायची.

सर्जरीच्या चाचणीचा निकाल फेब्रुवारी २०१६ मध्ये आला. मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत लवचीक गटात ९.१ टक्के, नियमाच्या गटात ९.० टक्के. मथळे झाले की, तासांच्या मर्यादेचा काही उपयोग नाही. चाचणीचा प्रश्न त्यापेक्षा बराच मर्यादित होता: लवचीक वेळापत्रक ठरवून दिलेल्या फरकापेक्षा जास्त वाईट ठरतं का? तसं ते ठरलं नाही, एवढंच. त्याच चाचणीत लवचीक गटातले रेसिडेन्ट रुग्णाच्या सलग देखभालीबद्दल जास्त समाधानी होते, आणि विश्रांती, कुटुंब आणि स्वतःच्या तब्येतीवर होणाऱ्या परिणामांबद्दल जास्त असमाधानी होते. पहिलं वाक्य धोरणापर्यंत पोचलं. दुसरं निबंधातल्या तक्त्यातच राहिलं.

मार्च २०१७ मध्ये निर्णय जाहीर झाला आणि जुलैपासून पहिल्या वर्षाच्या रेसिडेन्टला पुन्हा सलग २४ तास, वर हँडओव्हर आणि शिकण्यासाठी ४ तासांपर्यंत, अशी मुभा मिळाली. मेडिसिनच्या चाचणीचे निकाल तेव्हा यायचेच होते. ते २०१८ आणि २०१९ मध्ये आले. मृत्यूंच्या बाबतीत लवचीक गट ठरवून दिलेल्या फरकाच्या मर्यादेत राहिला. झोपेची रोजची सरासरीही जवळपास सारखी निघाली, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. मात्र रात्रभराच्या ड्यूटीच्या दिवशी झोप स्पष्टपणे कमी होती, आणि सतर्कतेच्या चाचणीत लवचीक गट कमी पडत नाही, हे दाखवता आलं नाही. लवचीक गटातले इंटर्न शिक्षणाच्या दर्जाबद्दल आणि स्वतःच्या स्वास्थ्याबद्दल जास्त नाराज होते, तर त्याच कार्यक्रमांचे प्रमुख जास्त समाधानी होते. शिकणारा म्हणतो शिकायला कमी मिळतंय, शिकवणारा म्हणतो छान चाललंय. अशा वेळी शिकणाऱ्याचं ऐकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. इतके तास थांबून तो करतो काय, याचंही उत्तर त्याच प्रकल्पात मिळालं. दोन्ही गटांच्या निरीक्षणात इंटर्न २४ तासांतले जेमतेम ३ तास रुग्णासमोर दिसला, बहुतेक वेळ नोंदी, संगणक आणि समन्वयात गेला.

दरम्यान इंटर्नच्या मानसिक आरोग्यावरचं काम वेगळ्याच वाटेने चाललं होतं. २०१० च्या एका अभ्यासात इंटर्नशिप सुरू होण्याआधी नैराश्याची लक्षणं असलेले ३.९ टक्के होते, वर्षभरात ते प्रमाण सरासरी २५.७ टक्क्यांवर गेलं. वाढलेले कामाचे तास हे त्यामागच्या कारणांपैकी एक होतं. ड्यूटीच्या चाचण्यांचा मुख्य निकष मात्र रुग्णाचा मृत्यू आणि गुंतागुंत हाच राहिला.

२०२० मध्ये लहान मुलांच्या ६ अतिदक्षता विभागांतली चाचणी प्रसिद्ध झाली. लांब शिफ्ट काढून टाकलेल्या वेळापत्रकात गंभीर चुका कमी होण्याऐवजी जास्त आढळल्या, आणि लांब ड्यूटीच्या समर्थकांना हवा तो पुरावा मिळाल्यासारखं झालं. पण त्या वेळापत्रकात एका रेसिडेन्टमागे सरासरी ८.८ रुग्ण होते, लांब शिफ्टच्या वेळापत्रकात ६.७. हा फरक हिशेबात धरल्यावर चुकांमधली तफावत उरली नाही. शिफ्ट लहान केल्या होत्या, पण वॉर्डातलं काम तेवढंच राहिलं आणि ते कमी हातांमध्ये वाटलं गेलं.