बेसबॉल आणि दोन वर्षांची पदवी: अर्धंच खरं

अमेरिकेतलं ज्युनिअर कॉलेज म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे, तर बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज. तिथली पदवी पूर्ण केल्याशिवाय चार वर्षांच्या कॉलेजच्या संघात जाता येत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेच्या पहिल्या डिव्हिजनपुरतं, म्हणजे सर्वांत वरच्या गटापुरतं बोलायचं, तर पदवीची अट हायस्कूलनंतर ‘क्वालिफायर’ (एनसीएएचे शैक्षणिक निकष पूर्ण करणारा) न ठरलेल्यांना आहे.

क्वालिफायर खेळाडूला किमान एक पूर्णवेळ सत्र, प्रत्येक सत्रामागे सरासरी १२ हस्तांतरणीय क्रेडिट (नवं कॉलेज पदवीसाठी मान्य करील असे अभ्यासाचे गुणांक) आणि २.५ जीपीए (४ पैकी सरासरी श्रेणी) लागतो. गाडी अडते ती ‘हस्तांतरणीय’ या शब्दावर. पायाभूत इंग्रजी-गणिताचे वर्ग यात धरत नाहीत, आणि व्यायाम-खेळाच्या वर्गांचे साधारणपणे दोनच क्रेडिट चालतात. गुणपत्रिकेत १२ दिसतात, हिशेबात ८ उरतात! म्हणून विषय निवडण्याआधीच नव्या कॉलेजकडून क्रेडिटची लेखी खात्री घ्यावी. तिसऱ्या वर्षात शिरताना निवडलेल्या पदवीचा ४० टक्के अभ्यासक्रमही झालेला लागतो. वारंवार शाखा बदलणारे इथे अडकतात.

जानेवारीत बदली घेतली, तर बेसबॉलपटूला त्याच वसंतातल्या हंगामात सामने खेळता येत नाहीत.