पार्श्वभूमी : अर्ध्या सेकंदाची भानगड

नोव्हेंबर 1992 मध्ये डर्बनला सचिन तेंडुलकरला टीव्ही पाहून धावबाद दिलं, तेव्हा आपल्याला तिसरा पंच माहीत झाला. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या नियमांत मात्र टीव्ही त्याआधी सहा वर्षं येऊन बसला होता. तोही खेळाडूंच्या चुका पकडायला नव्हे, टेबलापाशी बसणाऱ्यांच्या.

कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने 1986-87 च्या हंगामात मुभा दिली : टाइमकीपरची किंवा स्कोअररची चूक, नाहीतर घड्याळातला बिघाड, रिप्ले पाहून निस्तरता येईल. या खेळात शिट्टी वाजली की घड्याळ थांबतं, आणि ते थांबवतं एका माणसाचं बोट. शिट्टी कानावर पडून बटण दाबेपर्यंत काही दशांश सेकंद जातातच. एका गुणावर अडलेल्या सामन्यात तेवढा वेळ पुष्कळ झाला.

वेळ संपल्याच्या भोंग्याआधी चेंडू हातातून सुटला का, हा खरा भांडणाचा प्रश्न मात्र रिप्लेच्या कक्षेबाहेर राहिला. मार्च 1990 मध्ये न्यू ऑर्लिन्सला जॉर्जिया टेकच्या केनी अँडरसनने मिशिगन स्टेटविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी शॉट मारला. पंचांनी तो ग्राह्य धरला, बरोबरी झाली, आणि जादा वेळेत टेक 81-80 ने जिंकलं. वेळ संपली तेव्हा चेंडू अजून अँडरसनच्या हातात होता, हे घरी सोफ्यावर बसलेल्यांना रिप्लेत दिसलं. ज्यांना निर्णय द्यायचा होता त्यांना सोडून सगळ्यांना!

असा शॉट रिप्लेवर तपासायची मुभा मिळायला पुढची दहाएक वर्षं गेली. आता वेळ संपल्यावर बास्केटच्या बोर्डामागचे लाल दिवे लागले तेव्हा चेंडू हाताला चिकटलेला होता का, एवढंच पंच स्क्रीनवर बघतात. 2013-14 पासून शेवटच्या दोन मिनिटांत शॉट क्लॉकचा, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट मारायच्या नियमाचा, भंगही तपासता येऊ लागला.

मग फेब्रुवारी 2016. फोर्ट कॉलिन्समध्ये कोलोरॅडो स्टेट आणि बॉइसी स्टेट जादा वेळेतही बरोबरीत, उरले 0.8 सेकंद. बॉइसीच्या जेम्स वेबने चेंडू झेलला, तसाच फेकला, बोर्डाला लागून आत. तीन गुण, सामना खिशात. पण घड्याळ उशिरा सुरू झाल्याची पंचांना शंका आली. त्यांनी रिप्ले लावून त्यावरच्या स्टॉपवॉचने झेल ते फेक मोजलं : 1.3 सेकंद. बास्केट रद्द. दुसऱ्या जादा वेळेत कोलोरॅडो स्टेट 97-93 ने जिंकलं.

नंतर या दोन्ही संघांच्या लीगने, माउंटन वेस्ट कॉन्फरन्सने तपासलं, तर चित्रण एका गतीने सरकत होतं आणि त्यावरचं स्टॉपवॉच दुसऱ्याच. म्हणजे टाइमकीपरच्या बोटावर नजर ठेवायला आणलेलं यंत्रच चुकलं होतं. बास्केट द्यायला हवा होता, असं कॉन्फरन्सने मान्य केलं. निकाल तसाच राहिला.